ट्रॅक्टरला दिलेलं आवतन

माझे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, लागोपाठ दोन वर्षं पोळ्याच्या दिवशी दाराला आतून कडी घालून बसले. गाव म्हणालं, बुढा रुसला. मला त्या शब्दाचा राग आला, कारण रुसायला ते काही मांडवातले नवरदेव नव्हते. सत्तरी ओलांडलेला, नरखेड तालुक्यात मोसंबीची बाग आणि कपाशी सांभाळणारा, गाईलाही दरडावून पाणी पाजणारा माणूस. पण खरं सांगायचं तर गावाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

आमच्या गावात पोळ्याला सगळ्या बैलजोड्या आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभ्या राहतात. त्या ओळीतली सगळ्यात पुढची जागा आमच्या घराची. का, ते कुणालाच ठाऊक नाही. मोठेबाबांना विचारलं तर म्हणत, "आहे म्हनून आहे." या मानाला नियम एकच होता. जागा सलग तीन पोळे रिकामी राहिली, तर ती मागच्या घराला मिळते.

आणि आमच्याकडे बैलच उरले नव्हते. एक म्हातारपणाने गेला, दुसऱ्याला एकट्याला जू लागेना म्हणून तो मोठ्या आईच्या माहेरी पाठवला. मोठी आई म्हणजे मोठेबाबांची बायको. मोठेबाबांनी एक जुना ट्रॅक्टर घेतला. गावात एकूणच बैल कमी होत चालले होते, म्हणून पोळ्याच्या मंडळाने ठरवलं की ज्याच्याकडे जोडी नाही त्याने ट्रॅक्टर सजवून आणावा. लोकांनी आणले. फुगे बांधून, मोठ्याने गाणी लावून आणले. मोठेबाबांनी मात्र आपला ट्रॅक्टर गोठ्यात ठेवला आणि स्वतः घरात बसले.

दुसऱ्या वर्षीचा पोळा झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याला घेऊन गावी गेले. मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. बावीस वर्षं शिकवतेय, त्यामुळे समोरच्याला प्रश्न विचारून घाम फोडायची सवय झालेली आहे.

"सगळेच ट्रॅक्टर नेऊन राहिले, तुम्हीच काहून नाही नेत?" मी विचारलं.

"बैल वावरातलं खाते अन् वावरातच राबते," मोठेबाबा म्हणाले. "हे डबडं पंपावरचं पेते. कोनत्या मुलखातून काढलं, कोनं काढलं, मले काय माहीत? दुसऱ्याच्या घरचं जेवून आलेल्याले मी कोनत्या तोंडानं तोरनाखाली उभा करू?"

घाम मलाच फुटला. पण उत्तर नसताना बोलायची मला खोड आहे. माझा नवरा म्हणतो, खोड नाही, आजार आहे.

"मंग त्याले वावरातलंच पाजू," मी म्हणाले.

मोठेबाबांनी सुपारी कातरायची थांबवली. "बोलून राहिली का करून राहिली?"

"करून राहिली."

परतीच्या वाटेवर, काटोल मागे पडल्यावर, नवऱ्याने शांतपणे विचारलं, "कसं करणार?" मी म्हणाले, "माहीत नाही." तो बँकेत आहे. अशा उत्तराने त्याला झोप लागत नाही.

म्हणजे पुढच्या पोळ्याला जागा राहते की जाते, ते माझ्या जिभेमुळे माझ्याच गळ्यात आलं होतं. जागा गेली तर ती धुऱ्याच्या शेजाऱ्याला मिळणार होती. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. हा शेजारी पन्नाशीचा, भरघोस मिशांचा, पांढऱ्याशुभ्र जोडीचा मालक, आणि गावातला सगळ्यात मोठा टिंगलखोर. धुऱ्यावरून त्याचं आणि मोठेबाबांचं एकदा इतकं वाजलं होतं की दोघं वर्षभर एकमेकांकडे पाठ करून वखरणी करत होते.

मी सुरुवात शेवाळापासून केली. शेवाळाच्या अंगात तेल असतं, हे खरं आहे. जगात लोक त्यापासून इंधन काढतात, हेही खरं आहे. आम्ही नागपुरात सदर भागाच्या मागच्या बाजूला राहतो, वर गच्ची आमचीच. हिवाळ्यात मी गच्चीवर चार मोठे प्लास्टिकचे टब मांडले, मोठेबाबांच्या विहिरीजवळच्या टाक्यातलं हिरवं पाणी कॅनमधून आणून त्यांत ओतलं, थोडं खत घातलं आणि रोज सकाळी काठीने ढवळायला लागले. नवरा त्याला "पालकाची भाजी" म्हणायचा. पाणी हिरवंगार झालं तेव्हा मी त्याला हाताला धरून गच्चीवर नेलं आणि दाखवलं. तो म्हणाला, छान, आता फोडणी कधी देतेस?

दोन महिन्यांनी ते सगळं फडक्यातून गाळून वाळवलं. वाटीभर हिरवी भुकटी मिळाली. तिला वाळलेल्या मासळीचा वास येत होता. त्या भुकटीतून निघालेलं तेल मी बोटाला लावून पाहिलं, आणि त्या बोटावरच ते संपलं. ट्रॅक्टर तर सोडाच, पणतीही पेटली नसती. मी टब धुऊन त्यांत कपडे भिजवायला घातले.

मग मार्चमध्ये, कॉलेजला जाताना, माझ्या स्कूटरच्या चाकाखाली काहीतरी कडाकड फुटलं. करंजाच्या शेंगा. नागपूरच्या निम्म्या रस्त्यांना करंजाची सावली आहे. आपण तिच्यात गाडी लावतो आणि वर पाहत नाही. करंजाचं तेल कडू, खायच्या कामाचं नाही, पूर्वी दिव्यात जाळायचे. मी रस्त्यातच स्कूटर उभी केली आणि पर्समध्ये शेंगा भरल्या.

पुढचे तीन आठवडे मी पहाटे फिरायला येणाऱ्या लोकांत प्रसिद्ध झाले. सगळे हात हलवत ताठ चालायचे आणि मी पिशवी घेऊन वाकून चालायचे. एका सद्गृहस्थांनी सहानुभूतीने विचारलं, "ताई, काही हरवलं का?" मी म्हणाले, "हो, डिझेल." ते त्या दिवसानंतर पलीकडच्या फुटपाथने जायला लागले.

तेल काढायला घाणी शोधली, तर घाणीवाल्याने पिशवीत डोकावून हात जोडले. करंज एकदा घाणीत गेलं की पुढचे आठ दिवस लोकांचं शेंगदाण्याचं तेल कडू निघतं. त्याचं बरोबर होतं. शेवटी कामठीकडे एक जण सापडला, जो फक्त निंबोळीचं तेल काढायचा. त्याला कडूपणाशी काही घेणं नव्हतं. पोतंभर बियांचं डबाभरही तेल निघालं नाही, पण निघालं.

आता रसायनशास्त्र दोन वाक्यांत सांगते, घाबरू नका. बियांचं तेल जाड असतं, इंजिनात तसंच जाळलं तर काजळी धरतं. त्यात मिथेनॉल आणि थोडं कॉस्टिक मिसळून कोमट ठेवलं की जाड भाग खाली बसतो आणि वर डिझेलसारखं पातळ, सोनेरी इंधन राहतं. मी मागच्या अंगणात, डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे चढवून बसले. नवरा वाळूची बादली घेऊन दहा फुटांवर उभा राहिला. मिथेनॉल पटकन पेट घेतं, हे मी त्याला एकदाच सांगितलं होतं, पण ते त्याने मनावर घेतलं होतं.

पहिल्यांदा सगळ्याचा साबण झाला. करंजाच्या तेलात आम्ल जास्त असतं आणि ते आधी काढावं लागतं. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहून देते, खाली दोन रेघा मारते. ती पिवळी खळ पाहून मला इतकी लाज वाटली की मी ती भांडी घासायला मोलकरणीला देऊन टाकली. ती म्हणाली, "बाई, भांडी लय चमकतात, पन पोळी कडू लागते."

दुसऱ्यांदा जमलं. काचेच्या बाटलीत ते उन्हासमोर धरलं तेव्हा त्यातून पलीकडचं तुळशीवृंदावन दिसलं. मला स्वतःचा अभिमान वाटला, तो लपवायचं काही कारण नाही.

ती बाटली घेऊन मी थेट गावी गेले. मोठेबाबांनी झाकण उघडलं, हुंगलं, दोन बोटांवर घेऊन चोळलं.

"कोनत्या झाडाचं?"

"करंजाचं."

"ते समजलं. कुठलं करंज?"

"सदरचं," मी अभिमानाने म्हणाले.

त्यांनी झाकण लावून बाटली मला परत दिली. "मंग सदरातच नेऊन उभा कर त्याले."

मला असा संताप आला की मी चहा न पिता उठले. तीन आठवडे कंबर मोडून शेंगा वेचल्या, पोळ्या कडू झाल्या, आणि म्हाताऱ्याला झाडाचा पत्ता हवा होता! मोठी आई माझ्या मागे फाटकापर्यंत आली. म्हणाली, "रागावू नको वं. आपल्या नाल्याच्या काठानं बी करंजं हायेत. धुऱ्यावर बी एक मोठं हाय. ते नाई म्हनले नाई. तुले समजलं नाई." फाटकाच्या कडीवर हात ठेवून मी थांबले. तिचं बरोबर होतं. ते ट्रॅक्टरला नाही म्हणाले नव्हते, सदरला नाही म्हणाले होते.

मे महिना. आमच्याकडच्या मे महिन्याबद्दल मी काही सांगत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे. सकाळी सहा ते नऊ, तेवढंच काम. कॉलेजला सुट्टी होती, मी गावीच राहिले. मोठेबाबांच्या गुडघ्यांना वाकणं जमत नव्हतं, म्हणून ते पोत्यावर बसून दगडाने शेंगा फोडायचे. मी आणि मोठी आई वेचायचो. पहिल्या दिवशी ते नुसते शेंगा फोडत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "या झाडाची बी भरीव आहे, त्या वाकड्याची पोचट." तिसऱ्या दिवशी ते आमच्या आधी नाल्यावर जाऊन बसले होते.

धुऱ्यावरच्या करंजाखाली आम्ही गेलो तेव्हा पलीकडून शेजारी आला. मला वाटलं, आता झाडावरून वाजतंय. पण तो मिशीत हसत म्हणाला, "न्या काका, न्या. तुमच्या बैलाले वैरन लागन." मोठेबाबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पण दगड जरा जोरात आपटला.

बिया फोडताना मोठी आई मला प्रश्न विचारायची. असे प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारले नाहीत. यात जवसाचं तेल चालते का? चालतं. सरकीचं? चालतं. "अन् तूप?" मी शिक्षिका, मी रंगात आलेली. म्हणाले, "मोठी आई, तेल काय, तूप काय, चरबी काय, सगळं एकाच जातीचं. शास्त्राले फरक नाही." तिने मान डोलावली. असा एकाग्र विद्यार्थी मिळाला म्हणून मी खूश झाले. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात महागात पडलेलं व्याख्यान.

पाऊस सुरू होईतो दोन पोती बी झालं. पोती कामठीला नेली, तेल नागपुरात आणलं, आम्ल काढलं, घुसळलं, बसवलं, धुतलं, कोमट करून पाणी उडवलं. श्रावणात दोन कॅन भरून इंधन गावी पोहोचलं. मोठेबाबांनी आधी ट्रॅक्टरची टाकी पूर्ण रिकामी करवली. थोडं डिझेल राहिलं तर बिघडत नाही, उलट चांगलं, असं मी सांगून पाहिलं. "पोटात पंपाचा थेंब नको," ते म्हणाले. एकादशीलाही चहा-बिस्किट खाणारा माणूस, पण त्या टाकीच्या सोवळ्यात त्यांनी काही कमी ठेवलं नाही.

ट्रॅक्टर चालू झाला. दोनदा खाकरला आणि मग एकसारखा धडधडायला लागला. मोठेबाबा सीटवर बसले, आवाज कान देऊन ऐकला आणि वावरापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. बैलाच्या पाठीवर ठेवायचे तसाच. मी पाहत होते हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो हात पुसल्यासारखा केला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकायचे असतात. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावायची आणि बैलाला आवतन, म्हणजे जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. मोठेबाबा तूप-हळदीची वाटी आणि पळसाचं पान घेऊन ट्रॅक्टरसमोर उभे राहिले आणि अडले.

"याचा खांदा कोनता वं?" त्यांनी मला गंभीरपणे विचारलं.

माझ्या नवऱ्याने पुढची चाकं सुचवली. मोठेबाबांनी त्याच्याकडे जावयाकडे पाहतात तसं पाहिलं आणि सोडून दिलं. मग स्वतःच विचार करून ते मागे गेले. जिथे नांगर आणि ट्रॉली अडकवतात तो लोखंडी हूक त्यांनी शोधला. "ओझं इथं येते. खांदा इथंच." गुडघे धरत खाली बसून त्यांनी त्या काळ्या, ग्रीस लागलेल्या हुकाला हलक्या हाताने तूप-हळद चोळली. मग पुढे येऊन दिव्याजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नवरा हसणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. खरं तर मलाही हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

पोळ्याच्या दिवशी पाऊस उघडला, हवा गार होती. मोठेबाबांनी फुग्यांना साफ नकार दिला. बॉनेटवर जुनी झूल टाकली, दिव्यांना घुंगरांची माळ बांधली, आणि पुढच्या पट्टीला नवा कासरा बांधला. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. दुपारी ट्रॅक्टर निघाला तेव्हा गल्लीतली माणसं उठून उभी राहिली. मी इतर बायकांबरोबर आखराजवळच्या मारुतीच्या ओट्यावर जाऊन थांबले.

ओळ लागली होती. पुढची जागा रिकामी ठेवलेली, तिच्या मागे शेजाऱ्याची पांढरी जोडी, मग बाकीच्या. पोळ्याला झडत्या म्हणतात, म्हणजे खणखणीत आवाजात यमक जुळवून एकमेकांना टोमणे मारतात. ट्रॅक्टर वळणावर दिसला आणि शेजाऱ्याने हात वर केला.

"करंजाच्या बियाईचं काढलं तेल,
लोखंडाच्या बैलानं मांडला खेल!
ना खाय ढेप, ना खाय कुटार,
मंग सांगा गावकरी, हा बैल का मोटार?"

सगळा आखर हसला आणि "हर हर महादेव" झालं. मोठेबाबा सीटवर ताठ बसून येत होते, हसणं जणू त्यांच्या कानावरच पडत नव्हतं. तोरण वीस पावलांवर आलं. आणि ट्रॅक्टर खोकला. एकदा, दोनदा, मग एक लांब उचकी दिली आणि बंद पडला.

मोठेबाबांनी चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. आखरावरचं हसू हळूहळू थांबलं, आणि ते थांबणं मला हसण्याहून वाईट वाटलं. माझं इंधन, माझी जीभ, माझं शास्त्र. मी चप्पल ओट्यावरच सोडून चिखलातून धावले.

फिल्टरखालची काचेची वाटी सोडवली. तिच्यात पिवळे, रवाळ गोळे भरले होते. करंजाच्या तेलात असलं काही नसतं. मी बोटावर घेऊन हुंगलं. साजूक तूप! चांगलं कढवलेलं.

मी मागे वळले तर मोठी आई पदर सावरत येतच होती.

"थोडंसंच टाकलं वं," ती म्हणाली.

मोठेबाबा खाली उतरले. "काहून?" एवढंच त्यांनी विचारलं. आता वीज कोसळणार म्हणून मी डोळे मिटायच्या बेतात होते.

"काहून म्हनजे?" मोठी आईच उलट तडकली. "काल तुमीच आवतन देलं. जेवाले या म्हनलं. सकाळी साऱ्या गावाचे बैल पुरनपोळी खाऊन राहिले, अन् आपल्या दारचा बैल नुसतं कडू तेल पेऊन जाईन? पाहुन्याले असं वाढते का कोनी? पुरनपोळी तर त्याच्या तोंडात जात नाई. अन् हेच म्हने, तेल अन् तूप एकाच जातीचं." तिचं बोट माझ्याकडे होतं. शब्दशः माझंच वाक्य. मला पळून जायलाही जागा नव्हती.

मंडळाचे प्रमुख पुढे आले. अवघडून म्हणाले, "काका, साऱ्या जोड्या खोळंबल्या. हा बाजूले घेऊ. मागची जोडी पुढं घेतो." मोठेबाबांनी मान खाली घातली. इतक्या वर्षांत मी त्यांची मान खाली गेलेली पाहिली नव्हती. मला तेव्हा तिथे असण्याची लाज वाटली.

सगळे शेजाऱ्याकडे पाहायला लागले. त्याने फक्त कासरा धरून चार पावलं पुढे चालायचं होतं. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि मोठ्या आईला विचारलं, "काकू, तूप घरचं होतं का?"

"घरचं. गाईचं."

"किती पाजलं?"

"गडवाभर." तिने हातांनी तांब्याएवढं माप दाखवलं.

"मंग बरोबर आहे ना बाप्पा!" तो आखरभर ऐकू जाईल असा ओरडला. "गडवाभर तूप पेल्यावर माहा बैल बी जागचा हालनार नाई. जेवला अन् बसला. मोटार असती तं बसली असती का? हा बैलच आहे, मी सांगून राहिलो. लावा रे हात!"

आणि स्वतःची जोडी मुलाच्या हाती देऊन तो ट्रॅक्टरच्या मागे जाऊन चाकाला भिडला. मग काय, पंधरा-वीस माणसं धावली. स्टीअरिंगवर माझ्या नवऱ्याला चढवलं, ज्याने आयुष्यात ट्रॅक्टर चालवला नव्हता. तो दोन्ही हातांनी चाक धरून तोंडाने "सावकाश, सावकाश" म्हणत होता. मोठेबाबांनी पुढच्या पट्टीचा कासरा सोडवून हातात घेतला आणि पुढे चालू लागले. कासरा सैल होता, ओढ सगळी मागून होती, पण ते बैलापुढे चालतात तसेच चालले. घुंगरं वाजत होती. ट्रॅक्टर तोरणाखाली जाऊन पहिल्या जागेवर उभा राहिला.

पूजा झाली, गुलाल उधळला, तोरण तुटलं, पोळा फुटला. बैल आपापल्या घरांकडे निघाले. तेव्हा मोठेबाबा शेजाऱ्याच्या जोडीजवळ गेले. दोन्ही बैलांच्या कपाळाला हात लावला आणि शेजाऱ्याला म्हणाले, "पुढच्या सालापासून ही जोडी पयली. मी देऊन राहिलो." त्या टिंगलखोर माणसाने वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

मी घरी येईपर्यंत धुमसत होते. ताटं वाढली होती, मोठी आई पुरणपोळीवर उरलेलं तूप वाढत होती, आणि माझ्या तोंडून निघालंच, "मोठेबाबा, हे काय केलं? उन्हाळाभर शेंगा वेचल्या, साबण झाला, माही कंबर गेली, सारं या जागेसाठी. अन् तुम्ही जागा देऊनच टाकली?"

त्यांनी पोळीचा घास तुपात बुडवला, खाल्ला, आणि माझ्याकडे पाहिलं.

"जाऊन राहिली होती वं," ते म्हणाले. "तू माह्या हातात आनून देली, म्हनून देता आली."

मी ताट बाजूला सरकवलं आणि त्यांच्या पाया पडले. माझ्या लग्नातसुद्धा हे मी आईने मागून ढकलल्यावर केलं होतं.